मला वाटलं, तू

१

आमच्या घरात प्रत्येक काम दोघांपैकी कुणीतरी केलेलं असतं आणि नेमकं कुणी केलं, ते दोघांनाही सांगता येत नाही. गॅस बंद केलास? मला वाटलं, तू केलास. ठकीचं औषध? मला वाटलं, तू दिलंस. मूल झाल्यापासून झोपेचे इतके तुकडे झालेत की आपण काय केलं आणि काय करायचं नुसतंच ठरवलं होतं, यातली रेघ पुसट झाली आहे. नवरा म्हणतो, आपला संसार भुताटकीने चालतो. हे तो वणव्याच्या आधीपासून म्हणायचा.

हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना तुम्ही मनात जे म्हणाल, ते मी स्वतःला म्हणून झालेलं आहे.

वणवा डोंगर उतरून आमच्या वस्तीवर आला तेव्हा आम्ही नणंदेकडे, दुसऱ्या शहरात, तिच्या बैठकीच्या खोलीत गादीवर बसून टीव्हीत आमचाच डोंगर पेटलेला बघत होतो. परत जायची परवानगी मिळेपर्यंत मनाची तयारी झाली होती. काही उरलेलं नसणार. नणंदेने भांडी, चादरी, तिच्या मुलींचे लहानपणचे कपडे असं सगळं गाठोड्यात बांधून दिलं होतं. देताना ती माझ्याकडे न बघता ठकीशीच बोलत होती.

वस्तीचा रस्ता काळा झाला होता. झाडांच्या जागी कोळशाने ओढलेल्या उभ्या रेघा. घरांच्या जागी नुसते चौथरे, त्यांवर वाकडे होऊन पडलेले पत्रे, आणि मध्येच एखादं उघड्या दाराचं वॉशिंग मशीन, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं. वळणावर नवऱ्याने गाडी थांबवली.

आमचं घर उभं होतं. आख्ख्या ओळीत एकटं. फाटकाच्या रंगाला फोड येऊन पापुद्रे सुटले होते, मागच्या अंगणात ठकीच्या झोक्याचं आसन वितळून लोंबत होतं, पण खिडक्यांच्या काचासुद्धा शाबूत होत्या. नवरा स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडला. मी रडले नाही. मी फाटकाकडे बघत होते. फाटकावर टॉवेल नव्हता.

तो न्हाणीघरात सापडला. दांडीवर, दोन्ही टोकं जुळवून मधोमध घडी पाडलेला, मी घालते तसा. घरात उशांना, पुस्तकांना, साखरेच्या डब्याला, नळाच्या पाण्यालासुद्धा धुराचा वास येत होता. टॉवेलाला साबणाचा येत होता. आणि एक कड किंचित ओली होती.

२

टॉवेलाचं सांगायला हवं. आमच्या वस्तीत दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर बैठक होते. अग्निशमन दलाची माणसं येतात, चहा होतो, आणि तेच पुन्हा सांगितलं जातं: घर सोडून जाताना फाटकाला पांढरा कपडा बांधा. कपडा दिसला की आत कुणी नाही. मग बंब तिथे थांबत नाही, जिथे माणसं असतील तिथे जातो. कपडा नसला तर थांबायचं, दार ठोठावायचं, माणसांना काढायचं. काढता येत नसेल तर तिथेच पाय रोवून घरावर पाणी मारत राहायचं. शाळेतल्या मुलालाही कळेल असा नियम आहे.

मी टॉवेल बांधला होता. दोन गाठी मारल्या होत्या. ठकी शालीच्या झोळीत माझ्या कडेवर होती, आणि दुसरी गाठ मारताना तिने माझं कानातलं धरून असं ओढलं की डोळ्यात पाणी आलं. नणंदेकडे पोचले तेव्हाही कानाची पाळी लाल होती.

"घाईत राहिलं असेल," नवरा म्हणाला.

"आणि कान?"

"कान गाडीत ओढला असेल. ती काय मुहूर्त बघून ओढते?" मग त्याने मला जवळ घेतलं. "अगं, राहिलं म्हणून तर घर राहिलं. टॉवेल नाही म्हणून बंब थांबला असणार. तुझ्या विसरभोळेपणाचे एवढे उपकार आजवर कुणी मानले नसतील."

यात खोट काढता येईना. विसरभोळी मी आहेच. मी हसले, आणि ठकीच्या खोलीत गेले.

ही खोली रस्त्याच्या बाजूला आहे. खिडकीखाली ठकीची खाट, आणि खाटेवरून ती पडू नये म्हणून कडेला लावायचा एक लांबट लोड. तो लोड माझ्या जुन्या शालीत बांधून खाटेवर निजवलेला होता. नुसता गुंडाळलेला नाही, झोळी करून. गाठ डाव्या खांद्यावर येईल अशी, मी मारते तशी. वर गळ्यापर्यंत पांघरूण, आणि पांघरुणाची एक कड आत दुमडलेली, कारण नाही दुमडली तर ठकी ती तोंडात घालते.

"हे तू केलंस?"

नवरा दारात आला. "मला वाटलं, तू. निघताना पोरीला काहीतरी खेळ म्हणून."

मी गाठ सोडली. लोडाचं एक टोक चपटं झालं होतं, बराच वेळ कुणाच्या तरी खांद्यावर रेलून राहिल्यासारखं.

३

काजळी पाण्याने पुसायची नसते, हे आम्हाला एक भिंत खराब केल्यावर कळलं. आधी कोरडा स्पंज एकाच दिशेने ओढायचा, मग दुसरा, आणि पाणी अगदी शेवटी. नाहीतर ती भिंतीत शिरून बसते. तोंडाला फडकी बांधून आम्ही खोल्यांमागून खोल्या ओढत होतो. ठकी कोऱ्या स्पंजांचं घर बांधत होती.

शेजारच्या मास्तरीणबाई पाणी न्यायला आल्या. निवृत्त आहेत, एकट्या. त्यांच्या चौथऱ्यावर आता सरकारने दिलेली पत्र्याची तात्पुरती खोली होती. डबा नळाखाली लावून त्या आमच्या स्वयंपाकघराकडे बघत राहिल्या. फळीवर बरण्या ओळीने उभ्या होत्या. मला त्या बरण्यांची लाज वाटली.

"सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "नुसतं ओलंच जळताना पहिल्यांदा पाहिलं. आमच्या ओळीत झाडून सगळ्यांनी टॉवेल बांधले होते हो. माझा तर कोरा होता."

मी म्हटलं, बाई, मीही बांधला होता.

"बांधला होतात ना. मी पाहिला. तुमची गाडी गेल्यावर मी निघाले, तेव्हा तो तुमच्या फाटकावर फडफडत होता." त्यांनी नळ बंद केला. "म्हणूनच म्हणते. परत येऊन काढलात तो. बंब आपल्याच दारात थांबावा म्हणून तेवढी वाट वाकडी केलीत. मी कुणाला सांगणार नाही. पण मुलीला तरी पुढे नीट शिकवा."

मला आधी हायसं वाटलं, खरं सांगते. मी बांधला होता. साक्षीदार निघाला. माझं डोकं ठिकाणावर होतं. डबा उचलून त्या फाटकापाशी पोचेपर्यंत तो आनंद टिकला.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने स्पंज खाली ठेवलासुद्धा नाही. म्हातारं माणूस, घर गेलंय, कुणावर तरी राग काढणारच, असं म्हणाला. आणि ते खरंही असू शकत होतं. तेव्हा सगळंच खरं असू शकत होतं.

४

काही दिवसांनी रोजचं चक्र सुरू झालं. घर उभं असलेल्यांना तात्पुरत्या खोल्या मिळत नव्हत्या, त्यामुळे राहायचं तर इथेच. मी कामावर रुजू झाले. नवरा घरून काम करायचा आणि ठकीला सांभाळायचा. म्हणजे एका डोळ्याने.

सकाळी मी उठायचे तेव्हा ठकीचं तोंड धुतलेलं असायचं. मला वाटलं, नवऱ्याने धुतलं. दुधाचा पेला विसळून पालथा घातलेला असायचा. एका सकाळी तिच्या केसांच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या, घट्ट, मधला भांग सरळ. मी चहा ओतता ओतता नवऱ्याचं कौतुक केलं. तो म्हणाला, "मी? मला वाटलं, तू." आपल्या बोटांकडे बघून हसला. त्याला बुटाची नाडी धड बांधता येत नाही.

त्यानंतर मी विचारणं सोडून दिलं. विचारलं नाही की उत्तरही मिळत नाही, ही एक सोय आहे.

एका संध्याकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि ठकीच्या खोलीतून आवाज आला. तान्ह्या मुलाला खेळवताना जीभ टाळूला लावून आपण करतो तसला. टक, टक. मग थांबून, टक. मी हातातलं टाकून धावले. ठकी, ठकी कुठे आहेस, असं ओरडत दोन खोल्या ओलांडल्या, तेवढ्यात नवरा आडवा आला आणि पोट धरून हसायला लागला.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," तो म्हणाला.

ठकी माझ्या कडेवर होती. इतका वेळ होती. कपडे वाळत घालतानाही होती. मीही हसले, हसण्यासारखंच होतं ते. पण तो आवाज कुणी, कुणासाठी काढला, हे विचारायचं राहून गेलं.

५

माझं काम ऐकण्याशी आहे. दवाखान्यात एक आवाजबंद खोली आहे. जाड दार, भिंतींना स्पंजाचे चौकोन. माणसाला आत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, काचेच्या या बाजूला बसून मी बारीक बारीक बीप सोडते. ऐकू आला की हात वर करायचा. घरी ठकीबरोबर मी याचाच खेळ करते. तिच्या पाठीमागे बसून अगदी हळू "टुंई" म्हणायचं, आणि तिने बोट वर करायचं. तिचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत.

या कामात एक गोष्ट लवकर कळते. मी काहीच सोडलेलं नसताना माणसं हात वर करतात. खोटं बोलत नाहीत. शांततेकडे फार वेळ कान लावला की शांतता बोलायला लागते. त्यांना आम्ही चूक म्हणत नाही. मान हलवतो आणि पुढचा बीप सोडतो. त्या दिवसांत मी स्वतःकडे बघून अशी बरीच मान हलवली.

त्या आठवड्यात बंबावरचे कप्तान तपासणीला आले. वस्तीत त्यांना सगळे कप्तानच म्हणतात. पंपाच्या घरघरीशेजारी आयुष्य गेलेलं, दोन्ही कानांतले वरचे सूर संपलेले. तपासणी झाल्यावर खोलीतून बाहेर येत ते म्हणाले, "झालं ताई, फिटंफाट. त्या दिवशी तुम्ही हात वर केलात, आज मी."

मी विचारलं, कुठल्या दिवशी.

ते खुर्चीत बसले आणि सांगायला लागले. वणव्याच्या दिवशी त्यांचा बंब परत फिरला होता. ओळीतल्या सगळ्या फाटकांवर पांढरे टॉवेल, म्हणजे थांबायचं कारण नाही. वळणावरच्या घराला टॉवेल नव्हता. रस्त्याकडच्या खिडकीत मी उभी होते, कडेवर शालीत बांधलेलं मूल. त्यांनी खुणेने बाहेर या म्हटलं. मी मान हलवली आणि हात वर केला. मागून आगीची भिंत येतच होती, दार उघडायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी तिथेच बंब आडवा घालून घरावर पाणी मारलं, आग दोन्ही बाजूंनी निघून जाईपर्यंत. मग दुसरीकडून बोलावणं आलं. नंतर ज्यांना पाठवलं त्यांनी घर रिकामं असल्याचं कळवलं.

"रागवायचं म्हणून नाही सांगत," ते म्हणाले, "पण पोर घेऊन कुणी मागे थांबतं का?"

मी सांगितलं की त्या दिवशी, त्या वेळी, मी नणंदेच्या घरी टीव्हीसमोर होते.

कप्तानांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची होती. बीप नसताना हात वर करणाऱ्याकडे मी तशीच बघते. त्यांनी मान हलवली. "धूर फार होता," ते म्हणाले.

दारापाशी जाऊन ते पुन्हा वळले. माझ्या टेबलावरच्या फोटोकडे बोट केलं, वितळण्याआधीच्या झोक्यावर हसणारी ठकी.

"कडेवरचं पोर तेवढ्या वेळात एकदाही हललं नाही हो. मला वाटलं, गुदमरलं. रोज डोळ्यासमोर यायचं. आज हा फोटो पाहिला आणि जीव भांड्यात पडला."

६

दुपारीच रजा टाकून मी घरी आले. नवरा मागच्या अंगणात फाटकाचा रंग खरवडत होता. फाटक काढून आडवं घातलेलं, कानात गाणी. मी सरळ ठकीच्या खोलीत गेले.

ती फरशीवर बसली होती, माझ्याकडे पाठ. मी दारातच थांबले. ठकीने बोट वर केलं. खाली घेतलं. थोडा वेळ गेला. पुन्हा वर केलं.

मी काही म्हटलेलं नव्हतं.

माझी पहिली धाव पुस्तकाकडे. मुलांना फार वरचे सूर ऐकू येतात. फ्रीज गुणगुणतो, चार्जर सुईसारखा वाजतो, आपल्याला कळतही नाही. मी बोर्डापाशी जाऊन मेन स्विच खाली ओढला. घर थांबलं. बाहेर नवऱ्याचं खरवडणंही नेमकं थांबलं होतं. मी माझ्या सगळ्या शिक्षणानिशी ऐकलं. काही नव्हतं.

ठकीने बोट वर केलं. आणि या वेळी मान वळवून हसली. लहान मुलं आवाजाच्या दिशेला वळतात, बोलता न येणाऱ्यांची तपासणी आम्ही त्यावरच करतो. ती दाराकडे वळली होती. पण माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या शेजारी बघत होती, माझ्याच उंचीवर.

"ठके, टुंई कोण करतंय?"

"आई."

"आई तर ही. मी."

तिने विचार केला. कपाळाला आठी घालून, कोडं सोडवल्यासारखा. "तू कामावरची," ती म्हणाली. "ती घरातली."

माणूस किती हलकं असतं बघा. त्या क्षणीही मला आधी टोचलं ते हेच, की मी कामावरची.

"काय म्हणते घरातली आई?"

"कडेवर ये म्हणते," ठकी म्हणाली. "मी म्हटलं, नंतर."

मी तिला उचललं आणि अंगणात घेऊन गेले. नवऱ्याला सगळं सांगितलं, टॉवेलापासून. तो हसला नाही, हे मी त्याच्या नावावर जमा धरते. तुला झोपेची गरज आहे, डॉक्टरांना दाखवू, असं म्हणाला. मी म्हटलं, दाखवू, मला वेड लागलं असेल तर फारच उत्तम, पण आधी इथून जाऊ. खूप वेळ रंगाच्या पापुद्र्यांकडे बघून तो म्हणाला, बरं, या आठवड्याअखेर ताईकडे जाऊ. "म्हणजे आगीतून फुफाट्यात," असंही म्हणाला, आणि तेव्हा आम्ही दोघंही हसलो. त्याच्या बहिणीला ओळखणारं कुणीही हसेल.

ठकीची खाट मी त्याच दिवशी आमच्या खोलीत ओढून आणली. रस्त्याकडच्या खोलीला बाहेरून कडी घातली. लोड आतच राहिला.

७

आठवडा पुरा व्हायच्या आत वारा फिरला. जळून गेलेल्या डोंगराच्या मागे न जळलेला डोंगर होता, हे आम्ही विसरलोच होतो. दुपारचं जेवण झालं होतं, ठकी आमच्या खोलीत झोपली होती, आणि भोंगा वाजला. बाहेरचा उजेड तांब्याच्या भांड्यासारखा झाला होता. काळी पानं उडत उडत येऊन ओट्यावर बसत होती.

मी घाबरले, आणि त्याच वेळी आतून बरंही वाटलं. जायला मिळतंय. आजच.

या वेळी चूक होऊ द्यायची नव्हती. आम्ही स्वयंपाकघरात समोरासमोर उभं राहून कामं वाटून घेतली. गाडी तो मागच्या दाराला लावणार, सामान आणि ठकी तो घेणार. मी पुढे जाऊन टॉवेल बांधणार, मग कोपऱ्यावर गाडीत बसणार. "ठकीला तू घे," मी म्हटलं. "हो," तो म्हणाला. फोन त्याच्या कानाला होता, पलीकडे नणंद होती, पण हो म्हणाला, मी ऐकलं.

रंग खरवडून परत बसवलेल्या फाटकाला मी तीन गाठी मारल्या. ओढून पाहिल्या. तेवढ्यावर न थांबता टॉवेलाचा फोनवर फोटो काढला. पुन्हा कुणी म्हणायला नको, ना मास्तरीणबाई, ना नवरा, ना मी. धुराने डोळे चुरचुरत होते. मागून गाडीचं दार लागल्याचं ऐकू आलं.

गाडीत बसले. मागच्या सीटवर, ठकीच्या खुर्चीत, पट्ट्यांच्या आत शालीचं गाठोडं, आणि धूर लागू नये म्हणून तोंडावर ओला रुमाल टाकलेला.

"झोपलीय?"

"गाढ," नवरा म्हणाला. "उचलताना हललीसुद्धा नाही."

कोपऱ्यावर मी वळून पाहिलं. टॉवेल फाटकावर होता, पांढरा, फडफडत. मला वाटलं, सुटलो.

८

वस्तीच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागली होती. कप्तान प्रत्येक खिडकीपाशी वाकून घर नंबर विचारत होते आणि गळ्यातल्या वॉकीटॉकीवर पुढे कळवत होते. कानांत मीच बसवून दिलेली यंत्रं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"या वेळी वेळेवर निघालात, ताई."

मी फोन पुढे केला. टॉवेल, तीन गाठी. लहान मुलीसारखी मी तो दाखवत होते. त्यांनी शाबासकी दिली, मागे वाकून शालीकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, झोपू दे पोरीला.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. त्यांनी ती कानापाशी नेली, यंत्राला लागून शिट्टी वाजली, तोंड वाकडं करून त्यांनी ती माझ्या खिडकीत धरली. "काय म्हणतोय बघा जरा. या गर्दीत मला नुसतीच खरखर लागते."

आवाज तरुण होता, धापा टाकत होता, पण माझ्या कानांना स्पष्ट होता.

"वळणावरचं घर. फाटकावर टॉवेल नाही. खिडकीत बाई आहे. कडेवर मूल आहे. मूल हलत नाहीये."

नवऱ्यानेही ऐकलं. त्याने स्टिअरिंग सोडलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. समोरच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत, अगदी साध्या आवाजात, हिशेब पडताळून बघावा तसं म्हणाला, "तूच दिलीस ना. मागच्या दारातून. गुंडाळून. तोंड झाकलेलं राहू दे म्हणालीस."

मी तेव्हा फाटकापाशी होते. फोटो हातात होता.

"मला वाटलं," मी म्हटलं, "तू घेतलीस."

कप्तान आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. काय म्हणतोय तो, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मला मागे वळता येईना. मान वळवायची एवढंच काम, हात लांब करून रुमाल उचलायचा, आई आहे मी. मी तेवढं केलं नाही. मला येतं ते केलं. डोळे मिटून मागच्या सीटचा कानोसा घेतला. ठकी झोपेत नाकाने बारीक शीळ घालते. इंजिनं, भोंगा, माणसांची हाकाहाक, ते सगळं एकेक करून मी बाजूला सारलं, आणि जिथे ती शीळ असायला हवी तिथे पोचले. तिथे काही नव्हतं.

मग मी ओठ जेमतेम हलवून, शेजारच्या नवऱ्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू, म्हटलं, "टुंई."

आरशात शाल दिसत होती. ती हलली नाही.

माझ्या खिडकीत धरलेली वॉकीटॉकी खरखरली.

"हललं," तो पोरगा म्हणाला, आणि त्याला केवढा आनंद झाला होता. "हललं, हललं. मूल जिवंत आहे. आत्ताच बोट वर केलं त्याने."